आमचा नगराध्यक्ष कसा निवडायचा, हे आम्हाला कधी विचारणार?

प्रति,
महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे सन्माननीय सदस्य

विषय : थेट नगराध्यक्ष किंवा थेट महापौर हवा की नको, यावर त्या त्या शहरात मतदान घेण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

मी एका नगरपरिषदेच्या शहरात राहते. मोठं नाही, फार लहानही नाही. आमच्याकडे नगराध्यक्ष कसा निवडायचा याचा नियम २००१ मध्ये बदलला, लोकांनी थेट निवडायचं ठरलं. २००६ मध्ये तो मोडला, पुन्हा नगरसेवकांनी आपल्यातून निवडायचं ठरलं. २०१६ मध्ये परत थेट. २०२० मध्ये परत नगरसेवकांतून. २०२२ मध्ये परत थेट. डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही रांगेत उभे राहून मत दिलं ते या शेवटच्या बदलाप्रमाणे. एकवीस वर्षांत पाच वेळा नियम फिरला आणि पाचही वेळा आम्हाला तो वर्तमानपत्रातून कळला.

सरकारं बदलतात, धोरणं बदलतात, हे समजण्यासारखं आहे. पण २०२० मध्ये थेट निवड रद्द झाली तेव्हा नगरविकास खातं ज्यांच्याकडे होतं, त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाखाली २०२२ मध्ये थेट निवड परत आली. तेव्हाच्या सभागृहात विरोधकांनी ही आठवण करून दिली, बाकांवर हशा झाला असेल, आणि विधेयक मंजूर झालं. आज विरोधात बसलेल्यांनी फार खूश होऊ नये. तुम्ही सत्तेत होतात तेव्हा तुम्हीही नियम फिरवलाच होता, आणि उद्या आलात तर पुन्हा फिरवाल, हे गावातल्या चहाच्या टपरीवरचं पोरही सांगेल.

दोन्ही बाजूंची कारणं मी लक्ष देऊन वाचली आहेत. थेट निवडीच्या बाजूनं सांगितलं जातं की नगरसेवकांतून अध्यक्ष निवडला की घोडेबाजार होतो. होतो, यात शंका नाही. निकाल लागला की नगरसेवक ‘सहली’ला जातात, फोन बंद होतात, आणि थेट सभेच्या दिवशी गाडीतून उतरून हात वर करतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. थेट निवडीच्या विरोधात सांगितलं जातं की अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की पाच वर्षं भांडणात जातात. तेही होतं. विषयपत्रिकेवरचे विषय तहकूब, टेंडरं अडकलेली, मुख्याधिकारी दोघांच्या मधे, आणि पाणी दोन दिवसांआड.

दोन्ही कारणं खरी आहेत म्हणूनच हा प्रश्न तज्ज्ञांच्या समितीनं सुटणारा नाही. कोणता त्रास परवडेल, घोडेबाजाराचा की कोंडीचा, हे ज्याला तो सोसायचा आहे त्यानं ठरवावं. सांगोल्याला एक परवडेल, सावंतवाडीला दुसरा. आज मात्र हे मुंबईत ठरतं, सगळ्या गावांसाठी एकदम ठरतं, आणि पुढच्या निवडणुकीत कुठल्या पद्धतीनं कुणाचे किती अध्यक्ष येतील याचा हिशेब मांडून ठरतं, असा आमचा समज आहे. तो समज चुकीचा असेल, तर तो दूर करायची संधी तुम्हाला पाच वेळा मिळाली होती.

माझी मागणी थोडक्यात अशी : पद्धत कोणती असावी हे शहरातल्या मतदारांना मतपेटीतून ठरवू द्या आणि एकदा ठरलं की दहा वर्षं त्याला हात लावू नका.

हे काही मनातून काढलेलं नाही. इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षांपासून चालू आहे. तिथल्या २००० सालच्या कायद्यानं अशी सोय केली की शहरातल्या ५ टक्के मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर थेट महापौर हवा का यावर सगळ्या शहराचं मतदान घ्यावंच लागतं. नगर परिषद स्वतः ठराव करूनही घेऊ शकते. त्याआधी १९९८ मध्ये लंडनकरांना विचारलं गेलं होतं, ७२ टक्के ‘हो’ म्हणाले. तिथं पहिलीच निवडणूक अशी झाली की सत्ताधारी मजूर पक्षानं केन लिव्हिंगस्टन यांना उमेदवारी नाकारली, ते अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. पक्षश्रेष्ठींना थेट निवड का आवडत नाही, हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगायला नको.

यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी हकिकत ब्रिस्टलची आहे. ३ मे २०१२ ला इंग्लंडमधल्या दहा मोठ्या शहरांत एकाच दिवशी हे मतदान झालं : बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड, न्यूकॅसल, नॉटिंगहॅम, कॉव्हेंट्री, ब्रॅडफर्ड, वेकफील्ड आणि ब्रिस्टल. पंतप्रधान डेव्हिड कॅमरून यांच्या सरकारला थेट महापौर हवे होते, त्यांनी प्रचारही केला. नऊ शहरांनी ‘नको’ म्हटलं. एकट्या ब्रिस्टलनं ‘हो’ म्हटलं, तेही ५३ टक्क्यांनी, आणि मतदान झालं होतं जेमतेम २४ टक्के. पहिला महापौर म्हणून जॉर्ज फर्ग्युसन नावाचे अपक्ष वास्तुविशारद निवडून आले. लाल पँट घालून फिरणारे गृहस्थ, पगार ब्रिस्टल शहराच्या स्थानिक चलनात घेत. २०१६ मध्ये त्यांना हरवून मजूर पक्षाचे मार्विन रीस आले.

आता खरी मेख. शहरात एक मोठं प्रेक्षागृह बांधायचं होतं, रेल्वे स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेवर. सप्टेंबर २०१८ मध्ये नगरसेवकांच्या सभेनं स्टेशनजवळच बांधा असा कौल दिला. दुसऱ्या दिवशी महापौरांनी ती योजना रद्द केली. कायद्यानं त्यांना तो अधिकार होता. सभेचा ठराव हा फक्त सल्ला होता. महापौरांचं म्हणणं बरोबर होतं की चूक, यात मी पडत नाही. पण ज्या नगरसेवकाला लोकांनी आपल्या वॉर्डातून निवडलं, त्याच्या मताची किंमत किती हे त्या दिवशी ब्रिस्टलला कळलं. मे २०२२ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि ५९ टक्के लोकांनी महापौरपदच काढून टाकलं. मे २०२४ पासून तिथं नगरसेवकांच्या समित्या कारभार करतात.

यात मला आवडतं ते हे की लोकांनी पद आणलं, दहा वर्षं वापरून बघितलं, पटलं नाही, लोकांनीच काढलं. मधल्या काळात लंडनमध्ये पंतप्रधान तीन झाले, त्यांतल्या कुणी ब्रिस्टलचं पद रातोरात उडवलं नाही. आणि बदल नेहमी एकाच दिशेला जातो असंही नाही. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनची नगर परिषद २०२० मध्ये आर्थिकदृष्ट्या बुडाली. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी मतदानात ८० टक्क्यांनी थेट महापौर मागितला. शेफील्डकरांनी त्याच वर्षी तिसराच रस्ता धरला. त्यांना महापौर नको होता आणि मोजक्या नगरसेवकांच्या हाती सगळा कारभार देणारं मंत्रिमंडळही नको होतं. सह्या गोळा करून, मतदान घडवून त्यांनी समित्यांची जुनी पद्धत परत आणली. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, तीन गावांनी आपापली उत्तरं दिली आणि आभाळ कोसळलं नाही.

हार्टलपूलची गोष्ट तुमच्यापैकी काहींना आवडेल, कारण ‘लोकांना विचारलं की लोक असं करतात’ म्हणायला ती बरी पडते. ईशान्य इंग्लंडमधलं हे बंदराचं गाव. गावाची दंतकथा अशी की नेपोलियनच्या काळात किनाऱ्याला लागलेल्या माकडाला फ्रेंच हेर समजून गावकऱ्यांनी फासावर चढवलं. त्यावरून तिथल्या फुटबॉल क्लबचा शुभंकर माकड. २००२ मध्ये पहिल्या थेट निवडणुकीत ते माकडाचं सोंग घालणारा तरुण, स्टुअर्ट ड्रमंड, उभा राहिला. वचन काय, तर शाळकरी मुलांना फुकट केळी. निवडून आला. देशभर हसू झालं. पुढचं कुणी फारसं सांगत नाही : तो माणूस सोंग उतरवून कामाला बसला, २००५ मध्ये पुन्हा निवडून आला, २००९ मध्ये तिसऱ्यांदा आला. २०१२ मध्ये गावानं मतदान करून महापौरपद बंद केलं, तेव्हा तो पदावरच होता. म्हणजे गावानं थट्टा केली असेल तर तीही स्वतःच्या हिमतीवर, आणि निस्तरली तीही स्वतःच. आपल्याकडेही निवडणुकीत सोंगं येतात, पण ती उतरवायची सोय मतदाराकडे नसते.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक कायदेशीरपणे ब्रिटनमध्ये राहत असेल तर तिथल्या स्थानिक निवडणुकीत आणि अशा स्थानिक मतदानातही मत देऊ शकतो. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे पुण्याहून नोकरीसाठी ब्रिस्टलला गेलेल्या, खिशात भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी माणसाला ५ मे २०२२ ला विचारलं गेलं की बाबा, तुमच्या शहराला थेट महापौर हवा की नको? त्याच मराठी माणसाला पुण्यात, नाशिकात, कोल्हापुरात हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. वाईट हेतूनं नाही, पण हे फार विचित्र दिसतं.

आता इंग्लंडमध्ये जे चुकलं तेही लिहिते, नाहीतर तुम्हीच शोधून काढाल.

मतदान फार कमी झालं. ब्रिस्टलमध्ये २४ टक्क्यांवर एवढा मोठा निर्णय झाला, दहा वर्षांनी तो फिरवला तेव्हाही ३० टक्क्यांच्या आतच लोक आले. आपल्याकडे नगरपालिकेच्या निवडणुकीला याच्या दुपटीहून जास्त लोक बाहेर पडतात. म्हणून हे मतदान वेगळं न घेता नगरपालिकेच्या निवडणुकीतच घ्यावं. डिसेंबरात आम्ही नगराध्यक्षाला एक आणि प्रभागातल्या सदस्यांना प्रत्येकी एक अशी मतं दिली. महापालिकांमध्ये चार सदस्यांच्या प्रभागात लोक चार चार बटणं दाबतात. आणखी एक बटण दाबायला लोकांना जमणार नाही, असं ज्याला वाटतं त्यानं मतदान केंद्रावर एक दिवस बसून बघावं.

मँचेस्टरचं उदाहरण धोक्याचं आहे. २०१२ मध्ये मँचेस्टर शहरानं ‘नको’ म्हटलं. दोन वर्षांनी अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी मँचेस्टर परिसरातल्या दहा परिषदांशी करार केला : वाहतूक, घरं, पोलीस यांचे अधिकार आणि पैसा देतो, पण संपूर्ण परिसरासाठी थेट महापौर घ्या. लोकांना न विचारता ते पद आलं, २०१७ मध्ये अँडी बर्नहॅम निवडून आले, आणि खरं सांगायचं तर ते लोकप्रियही झाले. काम चांगलं झालं म्हणून आधीचा कौल वळसा घालून ओलांडला हे विसरावं, असं मला वाटत नाही. कायदा करताना ही पळवाट बुजवा.

पण मोठी चूक वेगळीच होती आणि ती आपल्याला थेट लागू पडते. २०१२ मध्ये त्या दहा शहरांना विचारलं की महापौर हवा का. पण त्या महापौराला अधिकार कोणते मिळणार, हे सरकारनं मतदानापूर्वी धड सांगितलंच नाही. लोकांनी ‘नको’ म्हटलं त्यात याचा वाटा मोठा होता. काय विकत घेतोय हे न सांगता दुकानदार सही मागत असेल, तर शहाणं गिऱ्हाईक उठून जातं.

आपल्या महापालिकांची अवस्था बघा. मुंबईचा कायदा १८८८ चा, बाकीच्यांचा १९४९ चा. दोन्हीत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. आयुक्त राज्य सरकार नेमतं आणि राज्य सरकारच बदलतं. खर्चाच्या किल्ल्या स्थायी समितीकडे. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, शहराचा प्रथम नागरिक म्हणून पहिल्या रांगेत बसतो, आणि अडीच वर्षांनी उतरतो. (पणजीत तर महापौराची मुदत एकच वर्ष. फोटोची फ्रेम बदलायलाही पुरत नसेल.) अशा पदासाठी दहा-वीस लाख मतदारांना थेट मत द्यायला लावलं, तर निवडून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी आयुक्तांच्या केबिनबाहेर बसेल. लाखो मतांचा धनी आणि हातात नारळ फोडण्याचा अधिकार! लोक विचारणार त्याला, सही करणार दुसराच.

१९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषदेचा प्रयोग झाला होता. महापौर आणि त्याचं छोटं मंत्रिमंडळ कारभार करणार, अशी कल्पना. थेट निवड नव्हती, पण अधिकार निवडून आलेल्यांकडे आणण्याचा तो आपल्याकडचा एकमेव गंभीर प्रयत्न. १९९९ मध्ये गुंडाळला. आणला तेव्हा मुंबईकरांना विचारलं नाही, मोडला तेव्हाही नाही. त्यामुळे तो फसला की फसवला, यावर आजही वाद घालता येतो.

नगरपरिषदांत स्थिती थोडी बरी. १९६५ च्या कायद्यात नगराध्यक्ष स्थायी समितीचा पदसिद्ध सभापती असतो, मुख्याधिकाऱ्याच्या कामावर त्याची नजर असते, पदाला दात आहेत. म्हणूनच इथं थेट की अप्रत्यक्ष या भांडणाला अर्थ आहे. म्हणून माझं म्हणणं असं की मतदानाचा प्रश्न ‘थेट अध्यक्ष हवा का’ एवढाच नसावा. थेट निवडलेल्या अध्यक्षाला कोणते अधिकार असतील, त्याला कोण आणि कसं काढू शकेल, नगरसेवकांच्या सभेचा ठराव त्याच्यावर बंधनकारक असेल की नाही, हे चार ओळींत, मराठीत, मतदानाच्या महिनाभर आधी घरोघर वाटलं जावं. ब्रिस्टलला २०१८ मध्ये जे कळलं ते आम्हाला आधीच कळू दे.

यावर तुमच्यातले काही म्हणतील, हे साहेबाच्या देशातलं खूळ इथं नको, आपल्या लोकांना एवढं कळत नाही.

कळतं. या राज्याच्या कायद्यानंच ते मान्य केलं आहे. गावात किंवा शहरातल्या प्रभागात दारूचं दुकान नको असेल, तर २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्या तपासल्या जातात, गुप्त मतदान होतं, आणि मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला आलेल्या मतांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. इतकी कडक अट ब्रिस्टलला असती तर तिथं काहीच बदललं नसतं. तरी आपल्याकडच्या बायकांनी ती कित्येक ठिकाणी पार केली आहे. शेतातलं काम सोडून, दुकानवाल्यांच्या धमक्या पचवून, पावसात रांगा लावून. ज्या बाईला बाटली उभी की आडवी हे ठरवता येतं, तिला अध्यक्ष थेट की आडून हे ठरवता येत नाही, असं म्हणायची हिंमत कुणी सभागृहात उभं राहून करावी.

सरपंचांचंही तसंच. २०१७ मध्ये तुम्ही थेट सरपंच आणला (तोही मधे काढला, मग परत आणला, ते असो). थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला तरी तेवढ्यानं तो जात नाही. विशेष ग्रामसभा बोलवावी लागते आणि गावकरी गुप्त मतदानानं त्यावर शेवटचा शब्द टाकतात. लोकांनी बसवलेल्याला लोकच उठवतील, हे तत्त्व तुम्हीच लिहिलं आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात नगरपालिकेच्या थेट निवडलेल्या अध्यक्षाला परत बोलावण्यासाठी मतदान घेतात, त्यात भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची अशी चिन्हं असतात. मग पद कसं भरायचं, एवढ्या एकाच ठिकाणी लोकांचा शब्द का नको?

आणि मराठी माणसानं जनमत कौल पाहिलाच नाही असंही नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जो कौल झाला, त्यात प्रश्न एका पदाचा नव्हता, अख्ख्या प्रदेशाच्या भवितव्याचा होता : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फूल आणि दोन पानं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. महाराष्ट्रात अनेकांना तो निकाल झोंबला, काहींना अजून झोंबतो. पण त्यानंतर तो प्रश्न कुणी सरकार बदललं म्हणून पुन्हा उकरला नाही. त्या कौलाची एक गोष्ट तुम्हा सर्वांना आठवून द्यावीशी वाटते. प्रशासन तटस्थ राहावं म्हणून दयानंद बांदोडकर यांचं मंत्रिमंडळ मतदानाआधी पायउतार झालं होतं. बांदोडकर स्वतः विलीनीकरणाचे पुढारी. ते हरले, आणि काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत त्याच लोकांनी त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. लोक प्रश्न आणि माणूस यांत फरक करतात. करू दिला तर.

कायद्याची अडचण सांगितली जाईल म्हणून त्याबद्दलही. राज्यघटनेच्या २४३ आर कलमात नगरपालिकेच्या अध्यक्षाची निवड कोणत्या रीतीनं व्हावी हे राज्याच्या विधिमंडळानं कायद्यानं ठरवावं, असं म्हटलं आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं तो अधिकार तुम्हाला दिला. त्या अधिकाराचा उपयोग करून दोन्ही पद्धती कायद्यात सविस्तर लिहा आणि कोणती लागू होईल हे शहराच्या कौलावर सोडा. आरक्षणाला यामुळे धक्का लागत नाही. अध्यक्षपद कुणासाठी राखीव हे सोडतीनं ठरतं, तसं ते ठरत राहील. पद राखीव असणं वेगळं आणि त्या पदावर कुणी बसवायचं हे वेगळं.

एवढंच नाही, देशात हा खेळ फक्त आपलाच नाही. राजस्थाननं २००९ मध्ये थेट महापौर आणले आणि काही वर्षांत काढले. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये २०१९ मध्ये थेट निवड गेली आणि सरकार बदलल्यावर महापौरांची थेट निवड परत आली. तमिळनाडूत तर द्रमुक आणि अण्णाद्रमुकच्या काळाप्रमाणे झोका चालू असतो. कुठल्याच राज्यानं लोकांना विचारलेलं नाही. पहिलं राज्य होण्याची संधी आहे, घ्यायची असेल तर.

कायद्यात काय असावं, हे मी वकील नसले तरी सांगू शकते. शहरातल्या ५ टक्के मतदारांनी सह्या केल्या किंवा सभागृहानं ठराव केला, की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबर कौल घ्यायचा. कौल राज्य निवडणूक आयोगानं घ्यायचा, जिल्हाधिकाऱ्यानं किंवा प्रशासकानं नाही. निकाल पुढच्या निवडणुकीपासून लागू, चालू अध्यक्षाला किंवा महापौराला लागू नाही. म्हणजे कुणा एकाला पाडण्यासाठी किंवा बसवण्यासाठी कौल वापरता येणार नाही. त्यानंतर दोन पूर्ण मुदती, दहा वर्षं, ना शहराला बदलता येईल ना सरकारला. आणि ‘सरकारला’ हा शब्द कायद्यात स्पष्ट लिहा. सह्या तपासण्याचा खर्च होईल. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासकानं कारभार केला. त्या काळात मुंबईकराच्या मताचा जो खर्च वाचवला गेला, त्यातून हे सहज भागेल.

आता माझं मत विचाराल, तर ते सांगायला मी बांधील नाही, तरी सांगते. माझ्या शहरात उद्या हा कौल झाला, तर मी थेट नगराध्यक्षाच्या बाजूनं मत देईन, पण एका अटीवर : सभेच्या दोन तृतीयांश ठरावाला त्याला मान तुकवावी लागेल. महापालिकेच्या शहरात राहत असते, तर आजच्या कायद्यात मी थेट महापौराला ‘नको’ म्हटलं असतं. आयुक्तांचे अधिकार जिथले तिथे ठेवून थेट महापौर म्हणजे निवडणुकीचा खर्च वाढवलेला समारंभ आहे, आणि तो खर्च पेलणारा उमेदवार कसा असतो हे आपण सगळे जाणतो. माझ्या शेजारणीचं मत याच्या बरोबर उलट आहे. तिला घोडेबाजाराची इतकी चीड आहे की अधिकार असो नसो, माणूस थेट निवडायचा, असं ती म्हणते. आमचा हा वाद संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून चालू आहे. दोघींपैकी कुणाचं बरोबर हे ठरवायला आम्हाला मंत्रालयाची गरज नाही, पण गावच्या मतपेटीची आहे.

पाचवा बदल टिकेल असं मला वाटत नाही. सहावा कधी येईल सांगता येत नाही, पण तो विधेयकाच्या रूपानं तुमच्याच टेबलावर येणार. त्या दिवशी त्यात एक दुरुस्ती सुचवणारा एक तरी सदस्य दोन्ही सभागृहांत मिळून निघावा, अशी विनंती आहे.

कळावे,
आपली,
नगरपरिषद क्षेत्रातली एक मतदार

ता. क. सरकारी विधेयकाची वाट पाहायची नसेल, तर अशासकीय विधेयक मांडता येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मसुदा लागला तर माझी शेजारीण आणि मी मिळून लिहून देऊ. कलम दहा वर्षांचं मी लिहीन, सह्यांचं ती.